सगळ्या तपकिरी

…आणि पिल्लांची पाळी आली तेव्हा देवाच्या डब्यातले रंग संपले होते काय, हे मला कुणीतरी सांगा! नाही, मोठ्या पाखरांबद्दल माझी काही तक्रार नाही. ठिपकेवाली मनोली घ्या, छातीवर खवल्याखवल्यांची नक्षी, कुणीही ओळखावी. तिरंगी मनोली घ्या, काळं डोकं, पांढरं पोट, विटकरी पाठ, चुकायची सोयच नाही. लाल मनोलीने तर बिचारीने नावातच सांगून टाकलंय. पण पिल्लं? तुम्हाला सांगतो, पिल्लं सगळी तपकिरी. ठिपकेवालीचं पिल्लू तपकिरी, तिरंगीचं पिल्लू तपकिरी, आणि ज्याचा बाप भर बाजारात उठून दिसेल असा लालभडक, ते लाल मनोलीचं पिल्लूसुद्धा तपकिरीच. बरं, ही सगळी एकाच गवतावर बसणार, एकाच वेळी उडणार, चिमणीहून लहान, एका जागी ठरणं माहीत नाही, आणि त्यातल्या एकीकडे बोट करून एक माणूस तुम्हाला विचारणार, "ही कंची?" आणि त्या उत्तरावर तुमचं लग्न ठरणार…

तुमचं म्हणजे तुमचं नाही हो. आमच्या धनेशचं.

धनेश भिवंडीजवळच्या कोन नावाच्या गावचा. नोकरीला पूर्ण्याच्या एका मोठ्या गोदामात, सुपरवायझर. मुलगा हुशार, त्यात वाद नाही. खोकं नुसतं हलवून आत मिक्सर आहे की इस्त्री आहे ते सांगेल. पण त्याचं सगळं शहाणपण बारकोडचं. खोक्यावर काळ्या रेघांची पट्टी असते, त्यावर यंत्र धरलं की टीं वाजतं, की विषय संपला. पाखराला पट्टी कुठे लावणार? आणि त्याच गोदामात, डिस्पॅचच्या टेबलावर, पडघ्याची मैना. दोघांचं जमलं, वर्षभर चहाच्या टपरीवर जमत राहिलं, मग घरी सांगायची वेळ आली. आता तुम्हीच बघा, मैना नावाचा पक्षी असतो हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. पण धनेश नावाचाही पक्षी असतो, हे खुद्द धनेशला माहीत नव्हतं. त्याच्या आजोबांनी धनाचा ईश म्हणून हौसेने नाव ठेवलं होतं, धन आलं नाही, ईश तेवढा राहिला.

आणि मैनेचे वडील कोण? तर भाऊ. सगळं पडघा त्यांना भाऊच म्हणतं. उभा जन्म एसटी चालवली, भिवंडी-वाडा, वाडा-भिवंडी, आणि प्रत्येक थांब्यावर गाडी उभी असेल तेवढा वेळ तारेवरची पाखरं बघितली. प्रवासी चढायचे, कंडक्टर घंटी मारायचा, आणि भाऊ म्हणायचे, "थांब, कोतवाल बसलाय." धुक्यात समोरच्या ट्रकचा नंबर वाचणारा ड्रायव्हर अशी त्यांची ख्याती. नजरेवर भाकरी खाल्लेला माणूस. रिटायर झाले तशी पाखरं हाच धंदा. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर खाकी टोपी, आणि माणूस पारखायचा झाला तरी पाखरांवरूनच.

पहिल्या भेटीत काय व्हावं? भाऊंनी विचारलं, "नाव काय म्हनलाव?"

"धनेश."

भाऊंचा चेहरा असा उजळला की बोलता सोय नाही. "धनेश? म्हंजे घरात पाखरांचा नाद हाय!"

आता इथे 'नाही' म्हटलं असतं तर मला आज तुमच्यासमोर घसा कोरडा करायची वेळच आली नसती. पण समोर भाऊ हसतायत, दाराआडून मैना बघतेय, आणि आमचा शहाणा म्हणतो, "हो हो, लहानपणापासून!" याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

"मंग धनेश बगितलाय का कंदी?"

"हो तर. आमच्या विहिरीवर येतो. छोटासा असतो. पिवळा."

भाऊंनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "बरं. रविवारी पूर्ण्याला या. गोदामांच्या मागं भाताची खाचरं हायत, कापणी झाली की मनोल्या उतरतात. पोर द्यायची म्हंजे मानसाची नजर बगाया पायजे. बगू." आणि ते 'बगू' असं होतं ना, की धनेशला रात्रभर झोप नाही. कारण दुसरं स्थळ तयारच होतं. पडघ्यातलाच मितेश, आणि नोकरीला कुठे? वनखात्यात. म्हणजे बघा, आमच्याकडे बारकोड आणि तिकडे आख्खं वनखातं!

मैनेने आठवडाभर टपरीवर शिकवणी घेतली. मोबाइलवर फोटो दाखवायची, "ही?" धनेश म्हणायचा, "तपकिरी." "आणि ही?" "ही पण तपकिरी." "अरे, ही ठिपकेवालीचं पिल्लू, ती तिरंगीचं. चोच बघ ना!" तो चोच बघायचा. चोचही त्याला तपकिरीच दिसायची. शेवटी तिने हात टेकले आणि दोन गोष्टी बजावल्या. एक म्हणजे, "मुनिया म्हणू नकोस. सगळी दुनिया मुनिया म्हणते, पण भाऊंना चालत नाही. ते म्हणतात, आपल्या पाखराला आपलं नाव आहे, मनोली. मनोलीच म्हण." आणि दुसरी, "भाऊंनी विचारायची वाट बघू नकोस. जे दिसेल ते मोठ्याने सांगत राहा. चुकलं तर चुकू दे, पण गप्प बसू नकोस." धनेशला वाटलं, ही परीक्षेतली युक्ती आहे, कोरा पेपर देऊ नये तशातली. तुम्हाला सांगतो, बायका एक वाक्य बोलतात आणि त्याचा अर्थ आपल्याला महिन्याभराने लागतो.

तर रविवारची सकाळ. भाताची कापलेली खाचरं, बांधावर पेंढ्या रचलेल्या, तीन बाजूंना गोदामांच्या पांढऱ्या भिंती, आणि चौथ्या बाजूला गुलाम हुसेन शेठची यंत्रमागांची, म्हणजे लूमची शेड, तिला लागून कामगारांची चाळ. लूम चालू, खडखट-खडखट-खडखट, शेजारच्याशी बोलायचं तर कानाला तोंड लावायचं. भाऊ बांधावर बसले, दुर्बीण धनेशच्या हातात दिली, आणि परीक्षा सुरू. समोर गवतावर मनोल्यांचा थवा. गवताची काडी वाकतेय, पाखरू लोंबतंय, दाणा खातंय, उडतंय…

"सांगा, काय दिसतंय?"

"मनोल्या आहेत, भाऊ."

"त्या हायतच. डावीकडची कंची?"

धनेशने दुर्बीण लावली. आधी त्याला स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग गोदामाच्या भिंतीवरचं एक भलंमोठं अक्षर दिसलं, मैनेने बजावलेलं म्हणून तेही त्याने मोठ्याने सांगितलं. मग वाकलेलं गवत दिसलं, तेही सांगितलं, आणि गवतात… "तपकिरी," तो म्हणाला.

"रंगाचं काय घेऊन बसलाव? चोच बगा, चोच. रंग फसवतो, चोच फसवत न्हाय. काळी असंल तर ठिपकेवालीचं पिल्लू, निळसर असंल तर तिरंगीचं. कशी हाय?"

"काळी."

"नक्की?"

आता, नक्की विचारलं की माणसाचं नक्की राहतं का? "निळसर," धनेश म्हणाला.

"नक्की?"

"म्हणजे… काळसर निळी. बघाल तशी."

भाऊ नुसते समोर बघत राहिले. धनेशच्या पाठीवरून घामाची धार निघाली, थेट कमरेपर्यंत. त्याला त्या गवतात मितेश दिसायला लागला, वनखात्याच्या खाकी कपड्यात, गळ्यात वरमाला. आणि तेवढ्यात काय झालं कोण जाणे, थवा भर्रकन उठला, आणि सगळ्या मनोल्या चाळीपलीकडच्या गवतात जाऊन उतरल्या.

भाऊंनी हात वर केला. "एखादं मागं ऱ्हायलंय का बगा. पिल्लू हमखास मागं ऱ्हातं. जवळ जा, चोच बगून या, आन मला येऊन सांगा. येवढं केलंत की झालं."

येवढं केलंत की झालं! म्हणजे लग्न एका पाखराच्या नाकावर येऊन बसलं. धनेश दुर्बीण भाऊंना देऊन वाकत वाकत गवतात शिरला. एक तपकिरी काहीतरी हललं, तो तिकडे गेला, ते पान निघालं. दुसरं हललं, तो सरडा निघाला, तेही त्याने बांधाकडे ओरडून सांगितलं. असं करत करत चाळीच्या कोपऱ्यावर पोचला, तिथे रात्रपाळी करून आलेला एक कामगार दातवण चावत उभा. उत्तर प्रदेशचा माणूस, भला माणूस. त्याने पाहिलं, एक साहेबी कपड्यातला तरुण घामाघूम होऊन गवतात काहीतरी शोधतोय. त्याने विचारलं, "का भवा भइया? का ढूँढ़त हो?"

आता हिंदी माणसाला मनोली म्हणून कळणार आहे का? धनेशने जगाचं नाव घेतलं. "मुनिया! इधर कोई मुनिया देखी?"

मागे लूम, खडखट-खडखट. कामगाराने कानामागे हात धरला. "मुनिया? अकेली?"

"हाँ, अकेली रह गयी! बाकी सब आगे चली गयी!"

"कितनी बड़ी है?"

"छोटी है! बच्ची है, बच्ची!"

कामगाराने दातवण तोंडातून काढलं. "कैसी दिखती है?"

"भूरी! ऊपर से नीचे तक भूरी!"

"किसकी है?"

धनेशने बांधावर बसलेल्या भाऊंकडे बोट केलं. "वो बैठे हैं ना, बाबा, उनको चाहिए! नहीं मिली तो मैं गया काम से!" आणि मग, तुम्हाला सांगतो, त्याला वाटलं आपण जरा जाणकारासारखं बोलावं, पाखरं पकडून विकणारे लोक असतात ते मैनेने सांगितलेलं आठवलं, म्हणून तो ओरडला, "इधर पिंजरेवाले आते हैं क्या? पकड़ के ले जाते हैं, बेच देते हैं!"

त्यातला पिंजरा लूमने खाल्ला. बाकीचं सगळं त्या माणसाच्या कानात गेलं.

माणसाच्या तोंडचं पाणी कसं पळतं ते धनेशने त्या दिवशी पाहिलं. दातवण पडलं, आणि तो माणूस चाळीकडे धावला, "अरे निकलो सब! बच्ची खो गयी है! मुनिया! बाबा की पोती!" दारं उघडली, बायका बाहेर आल्या, झोपलेले पुरुष लुंगी सावरत आले, आणि धनेश मागून पळतोय, "अरे नहीं, नहीं, सुनो तो," पण खडखट-खडखट, ऐकतो कोण?

गुलाम हुसेन शेठ शेडमधून बाहेर आले. इथले पिढ्यान्‌पिढ्यांचे लूमवाले, पांढरी दाढी, खणखणीत आवाज. काय झालं ते ऐकलं आणि एकच शब्द बोलले, "बंद." पोर कुठे रडत असेल तर ऐकू यायला हवी ना? आतून एकेक लूम थांबत गेला, आणि शेवटचा थांबला. तुम्हाला सांगतो, भिवंडीत राहणाऱ्याला लूमचा आवाज ऐकू येत नाही. बंद झालेला मात्र ऐकू येतो. त्या शांततेने चाळीतल्या बायकांचे हात आपोआप आपापल्या पोरांच्या डोक्यावर गेले.

आणि मग घोटाळा. मुनिया म्हणजे काय? उत्तरेत घरोघर लाडाने पोरीला मुनिया म्हणतात. आपल्याकडे कसं छकुली, तसं. त्या एका चाळीत तीन मुनिया होत्या. एकीला कुणीतरी नळावरून उचलून आणली, दुसरीला खाटेखालून ओढून काढली, आणि दोघींना धनेशसमोर उभं केलं. "देखो भइया, इनमें से है?"

आता ऐका. गेल्या ईदला शेठने एक न खपलेला ताका चाळीत वाटून टाकला होता, पोराबाळांना कपडे शिवा म्हणून. आणि त्या ताक्याचा रंग कोणता? तुम्ही सांगा. दोन पोरी, दोन-दोन वेण्या, दोन फ्रॉक, आणि सगळ्या तपकिरी! आणि सगळी चाळ विचारतेय, "ठीक से देखो! कौन-सी है?" धनेशला वाटलं, आता कुणीतरी म्हणणार, चोच बघा.

"शेठ," तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "पोरगी नाही हो हरवली. मुनिया म्हणजे पाखरू. मनोली."

शेठने त्याच्याकडे असं पाहिलं, असं पाहिलं… "मनोली? मग मनोली म्हणायचं ना! आमचे आजोबा पण मनोलीच म्हणायचे. मराठी माणूस ना तू? मुनिया काय मुनिया!" आणि लोकांकडे वळून हसत सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मागून एका बाईचा आवाज आला.

"मेरी मुनिया किधर है?"

ती रूपा. शेडमध्ये कांड्यांवर सूत भरणारी. तिची मुनिया नळावर नव्हती, खाटेखाली नव्हती, शेजारी नव्हती. ती एका दारातून दुसऱ्या दारात गेली, तिसऱ्यात गेली, आणि प्रत्येक दारातून बाहेर येताना तिचा चेहरा आणखी पांढरा होत गेला. आणि कुणीतरी हळू आवाजात बोललं, "गड्ढा." नव्या गोदामाच्या पायासाठी मागे खड्डा खणलेला होता, पावसाचं पाणी अजून आत साचलेलं. ते ऐकलं आणि चार-पाच पुरुष बांबू घेऊन तिकडे धावले. लूम बंद, माणसं बंद, नुसती पावलं.

धनेशचं काय झालं असेल? मला त्याने जेव्हा जेव्हा हे सांगितलंय तेव्हा इथे आल्यावर तो थांबतो. त्याचं लग्न, मितेश, वनखातं, सगळं त्याच्या डोक्यातून पुसलं गेलं. त्याला एवढंच वाटत होतं की मी तोंडाने हरवली म्हटलं, आणि ती हरवली. छोटी आहे म्हटलं, छोटी निघाली. एकटी राहिली म्हटलं, तशी राहिली. आता पुढचं खरं होऊ नये, देवा, पुढचं एक खोटं ठेव. आणि तो खड्ड्याकडे पळत सुटला, बांधावरून, भाताच्या खुंटांतून, पायात चप्पल आहे की नाही त्याची शुद्ध नाही.

बांधावर भाऊ तसेच बसलेले. डोळ्यांना दुर्बीण. इतका वेळ त्यांना वाटत होतं की चाळीतलं काहीतरी भांडण चालू आहे, आणि पाखरं बिथरतायत म्हणून ते वैतागलेले. धनेश समोरून पळत येताना दिसला… म्हणजे ऐकू आला, तसे ते दबक्या आवाजात ओरडले, "ओ! पळू नका! उडंल ते!"

"भाऊ, पोर हरवलीय, खड्ड्यात…"

"बसा आदी खाली. मी मघापासनं बगतोय. मागं ऱ्हायलेलं पिल्लू गावलंय. त्या पेंढ्यांच्या मागं बसलंय बगा. तपकिरी. मनोलीचंच हाय, लिहून घ्या. फक्त चोच कशी हाय तेवढी सांगा."

धनेशने भाऊंच्या बोटाच्या दिशेने पाहिलं. हात लांबवला असता तर वेणी हातात आली असती, इतकी जवळ. तपकिरी फ्रॉक, दोन वेण्या, एकीची रिबन सुटलेली. उकिडवी बसून चिंच खात होती. आई डोक्यातल्या उवा काढायला बोलावते म्हणून लपली होती, आणि सगळी चाळ आपल्या नावाने ओरडतेय म्हटल्यावर आज आई फारच चिडली असणार असं समजून आणखी दडून बसली होती.

आणि भाऊ दुर्बिणीतून बघत तिलाच विचारत होते, म्हणजे तिच्याबद्दल विचारत होते, "बोला ना. काळी हाय का निळसर?"

धनेश तिथेच बांधावर बसला. आनंदाने बसला हे खरं, पण नुसत्या आनंदाने नाही. त्याला एकदम सकाळपासूनचं सगळं ऐकू आलं. सांगा काय दिसतंय. डावीकडची कंची. चोच कशी हाय. नक्की? नक्की? अहो, परीक्षा कसली! तो प्रश्नच होता, साधा प्रश्न. ज्याला दिसत नाही तो माणूस ज्याला दिसतं त्याला जो प्रश्न विचारतो, तो. आणि हा गाढव सकाळपासून त्याला अंदाजपंचे उत्तरं देत बसला होता. त्याला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली…

पण आधी त्याने हाक मारली. "रूपाताई! इधर है! मिल गयी!"

रूपा आली ती वाऱ्यासारखी. आधी पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला, मग तिला छातीशी धरून मोठ्याने रडली, मग पुन्हा एक धपाटा. पोर म्हणते, "मइया, इमली गिर गइल." मागून सगळी चाळ आली, खड्ड्यावरचे बांबूवाले आले, शेठ आले. धनेशने भाऊंकडे बोट केलं, "बाबांनी शोधली. त्यांनाच दिसली." आणि मग काय विचारता! दातवणवाला कामगार भाऊंच्या पायाच पडला. "इतने आदमी ढूँढ़ रहे थे, और बाबा ने बैठे-बैठे देख लिया! का नजर है बाबा की!" शेठ म्हणाले, "ड्रायव्हर ना तुम्ही? वाड्याच्या गाडीवर होता. वाटलंच मला. ड्रायव्हरची नजर, जात नाही कधी." बायका आपल्या पोरींना दाखवतायत, ते बघ, ते बाबा, त्यांच्यापासून काही लपत नाही.

आणि भाऊ दगडासारखे बसलेले. चहाचा ग्लास कुणीतरी हातात दिला, तर तो त्यांनी न पिताच बांधावर ठेवला.

लोक पांगले. आत एकेक लूम पुन्हा सुरू झाला. खडखट-खडखट. त्या आवाजाच्या आडोशाने भाऊ म्हणाले, "पोरगी व्हती व्हय ती?"

"हो."

"मला वाटलं…" त्यांनी दुर्बीण मांडीवर ठेवली. "डोळ्याच्या पडद्याचं हाय. डॉक्टर म्हनतो, हाय तेवढं टिकलं तरी नशीब. मधलं सगळं पुसल्यागत दिसतं, कडंचं थोडं दिसतं. चोची गेल्या माझ्या. आकार ऱ्हायलेत." मग दुर्बीण पुसत, "मैनेला सांगू नका. घराभाईर पडू द्याची न्हाय ती मला."

धनेश म्हणाला, "नाही सांगणार." आणि त्यालाही राहवलं नाही. "भाऊ, मलाही पाखरांतलं काही कळत नाही. मी खोटं बोललो होतो."

"ते मला पयल्याच दिवशी कळलं," भाऊ म्हणाले. "विहिरीवर येतो, छोटासा, पिवळा! अहो, धनेश घारीयेवढा असतो. त्याची चोच बगितलीव का, चोच? केळ्यायेवढी! जंगलात उडाला तर पंखांचा आवाज खाली ऐकू येतो."

"मग मला बोलावलंत कशाला?"

भाऊ हसले. पहिल्यांदा हसले त्या दिवशी. "तो वनखात्यातला पोरगा आला व्हता मागल्या रविवारी. लई हुशार. मी विचारलं, ती कंची, तर म्हनाला, तुमीच सांगा भाऊ, तुमीच गुरू. मला कायबी बोलून दावलं न्हाय. तुमी मातर सकाळपासनं बोलताय. चूक तर चूक, पर बोलताय. गवत वाकलं, सरडा पळाला, भिंतीवर अक्षर हाय… लई दिसांनी मला येवढं दिसलं."

लग्न झालं. पडघ्यात झालं, मांडवात शेठही आले होते आणि त्यांच्याबरोबर चाळीतली बरीच मंडळी, तिन्ही मुनियांसकट. मैनेने धनेशला त्या रविवारबद्दल एवढंच विचारलं होतं, "गप्प नाही ना बसलास?" तो म्हणाला, "नाही." ती म्हणाली, "बरं झालं," आणि पदराने डोळे पुसले. म्हणजे तिलाही माहीत होतं. भाऊंचं तिला माहीत, तिला माहीत आहे हे धनेशला माहीत, आणि भाऊंना वाटतं कुणालाच काही माहीत नाही. आता त्या घरात हे असंच चालणार, आणि चालू द्या, कुणाचं काय जातंय?

जातात ते आमच्या धनेशचे रविवार. दर रविवारी बांधावर बसायचं, दुर्बीण लावायची, आणि बोलत राहायचं. आता तो शिकलाय, तसं नाही म्हणत मी. काळी चोच, निळसर चोच, चांदीसारखी चोच, सगळं येतं त्याला आता, जीव लावून शिकला. परवाच्या रविवारी तर पहिल्यांदा त्याला एक पिल्लू चोचीसकट स्वच्छ दिसलं. श्वास रोखून त्याने दुर्बीण स्थिर केली, भाऊ कान देऊन बसले, तो सांगणार, तोंड उघडलं, आणि चाळीतून रूपाने हाक मारली, "मुनियाऽऽ! ए मुनियाऽऽ!"

तिन्ही पोरी गवतातून धावत सुटल्या, आणि आख्खा थवा भर्रकन उडाला.

"कंच्या व्हत्या हो, जावईबापू?" भाऊंनी विचारलं.

धनेशने दुर्बीण खाली ठेवली. म्हणाला, "सगळ्या तपकिरी, भाऊ."